स्वस्त पंखा आणि महाग वीज

विजेचें मासिक बिल हातीं पडलें कीं घरांतील वडील माणसें मुलांस दिवे मालविण्याविषयीं चार शब्द ऐकवितात. शाळांतून व कचेऱ्यांतूनही ‘वीज वांचवा’ अशा पाट्या लागलेल्या असतात. रिकाम्या खोलींतील दिवा मालवावा, ह्याविषयीं दुमत नाहीं. परंतु हा उपदेश ज्यांस केला जातो, त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं मालविण्याजोगें फारसें कांहीं नसतेंच. दोन खोल्यांत सहा माणसें राहत असलीं म्हणजे रिकामी खोली आणावयाची कोठून? आमचें मत असें कीं, विजेचा मोठा अपव्यय बटन न दाबण्याच्या आळसांत नसून यंत्राच्या निवडींत असतो. आणि ती निवड बिल भरणाराच्या हातीं बहुधा नसते.

पंख्याचेंच उदाहरण घेऊं. छतास टांगलेला साधा पंखा पूर्ण वेगानें फिरतांना सुमारें ७५ वॉट वीज घेतो. हल्लीं ‘बी. एल. डी. सी.’ ह्या नांवानें मिळणाऱ्या पंख्यास तितक्याच वाऱ्यासाठीं सुमारें ३० वॉट पुरतात. साध्या पंख्यांत विजेचा बराच भाग तांब्याच्या वेटोळ्यांत व लोखंडांत उष्णतेच्या रूपानें व्यर्थ जातो. नव्या पंख्याच्या फिरत्या भागांत कायम चुंबक बसविलेला असल्यामुळें ही हानि पुष्कळच कमी होते. रोज बारा तास चालविल्यास पहिला पंखा महिन्यास २७ युनिटें खातो, दुसरा ११ युनिटांच्या आंत भागवितो. दोन पंख्यांमागें महिन्यास ३२ युनिटांचा फरक पडला. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर शंभर युनिटांच्या पुढें बराच चढतो. तेव्हां १२५ युनिटें जाळणारें घर शंभरांच्या आंत येतें, आणि वांचतात तीं नेमकीं महागांतलीं युनिटें.

मग असे पंखे घरोघर कां नाहींत? लोक अडाणी आहेत, हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. सरकारनें २००६ सालापासून यंत्रांवर तारांकित पट्टी लावण्याची पद्धत सुरू केली, आणि २०२३ सालच्या आरंभापासून छताच्या पंख्यांवर ती सक्तीची झाली. तारे मोजतां न येणारा मनुष्य विरळा. परंतु ज्याच्या खिशांत पंधराशेंच रुपये आहेत, त्यास तीन हजारांच्या पंख्यावरील पांच तारे काय उपयोगी? शिवाय भाड्याच्या खोलींत पंखा घेतो घरमालक आणि वीज भरतो भाडेकरू. मालक स्वस्तांतला पंखा पाहतो, ह्यांत त्याच्या दृष्टीनें गैर कांहींच नाहीं. पण त्या स्वस्ताईची किंमत दुसरा कोणी दरमहा भरीत असतो.

लहान धंद्यांत हीच गोष्ट अधिक मोठ्या आंकड्यांनीं दिसते. पिठाच्या गिरणींत १० अश्वशक्तीची मोटार असते. ती जळाली कीं गिरणीवाला तिला पुन्हा तार गुंडाळून घेतो, कारण नवी मोटार परवडत नाहीं. तार निष्काळजीपणें गुंडाळली गेली तर मोटार पूर्वीसारखीच फिरते, पण वीज अधिक खाते, आणि हें डोळ्यांस दिसत नाहीं. शंभरांपैकीं ८५ भाग कामीं लावणारी मोटार आणि ९० भाग कामीं लावणारी मोटार ह्यांत पूर्ण भारावर रोज सहा तासांस जवळजवळ ३ युनिटांचें अंतर पडतें. वर्षाचे तीनशें दिवस धरले तर साडेआठशेंहून अधिक युनिटें झालीं! त्यांत पट्टा सैल असला आणि दगडास वेळेवर टाकी लाविली नसली, तर नुकसान आणखी वाढतें. पट्टा ताणण्यास मात्र पैसे पडत नाहींत. तेवढें गिरणीवाल्यांनीं आजच करावें.

येथें एक आक्षेप येतो. वाफेचें यंत्र काटकसरी झालें म्हणून कोळशाचा खप कमी न होतां उलट वाढतो, असें जेव्हन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालीं लिहिलें. विजेचेंही तसेंच होईल, असें कोणी म्हणेल. होईना! वांचलेल्या पैशांत ज्या घरीं अभ्यास करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर दुसरा पंखा फिरूं लागेल, तेथील वाढत्या खपाचें आम्हांस मुळींच दुःख नाहीं.

दिव्यांच्या बाबतींत ही अडचण एकदां सुटली आहे. २०१५ सालीं आरंभिलेल्या व पुढें ‘उजाला’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या योजनेंत एल. ई. डी. दिव्यांची घाऊक खरेदी झाली. खरेदीचा जो दर २०१४ सालीं ३१० रुपये होता, तो २०१६ सालीं ३८ रुपयांवर आला. ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले. आणि अनेक ठिकाणीं किंमत बिलांतूनच हप्त्यांनीं देण्याची सोय होती. पंख्यांसाठींही तसा कार्यक्रम २०२३ सालीं जाहीर झाला आहे.

परंतु सरकारची वाट पाहत बसण्याचें कारण काय? गांवोगांवच्या पतसंस्था दुचाकीसाठीं कर्ज देतात, लग्नासाठीं देतात. पंख्यासाठीं कोणी अर्ज केला तर कारकून कदाचित् हंसेल. पण हिशेब करून पाहावा. दोन पंख्यांच्या किंमतींत दीड हजारांचा फरक व विजेचा दर दहा रुपये धरला, तर महिन्यास सुमारें १६० रुपये वांचतात. थंडीचे महिने सोडले तरी वर्षाच्या सुमारास कर्ज फिटतें. गिरणीच्या मोटारीसाठींही संस्थांनीं असाच हिशेब मांडून पाहावा. आणि भाडेकरूनें स्वतःच्या पैशानें असा पंखा बसविल्यास, घर सोडतांना तो काढून नेण्याची त्यास मोकळीक राहील, एवढें एक वाक्य भाडेकरारांत घालावें, अशी घरमालकांस आमची विनंति आहे.