बोटांच्या सांध्यांचा वाली कोण?

मारेगावात माझं औषधांचं दुकान आहे. दिवाळीनंतर कापूस वेचणीला जोर आला की बाया काउंटरवर हात ठेवून सांगतात, ‘सकाळी हात आखडून जाते भाऊ, मूठच वळत नाही.’ मागतात ती पुडीतली पांढरी गोळी. अशा पुड्यांत बरेचदा स्टिरॉइड असतं. चार दिवस हात मोकळा होतो, आत सांधा झिजतच राहतो.

अशा आखडण्यामागे आमवात असू शकतो. तो वेचणीमुळे होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. पण मजुरी किलोवर, आणि बोंडातून कापूस ओढायचा तर अंगठा आणि दोन बोटं दिवसभर चालली पाहिजेत. इथे बोट गेलं की रोज गेला.

फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या संशोधकांनी बोटांच्या अशा झिजलेल्या सांध्यांसाठी विणलेली चकती तयार केली. पॉलिलॅक्टाइडचा धागा मोज्यासारखा यंत्रावर विणायचा, त्याची रुपयापेक्षा लहान गुंडाळी करायची आणि खराब झालेलं हाड कापून त्या फटीत बसवायची. रुग्णाच्याच पेशी जाळीत शिरतात, तंतुमय ऊतीची गादी तयार होते. धागा दोन-तीन वर्षांत विरघळून जातो. शिवलेले टाके विरतात, तेच तत्त्व. 1960च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी आणलेला सिलिकॉनचा सांधा कालांतराने तुटू शकतो, म्हणून हा शोध. कल्पना देखणी आहे, पण सिलिकॉनपेक्षा ती सरस असल्याचं सिद्ध झालेलं नाही. शिवाय दोन्हींना हाताचा तरबेज सर्जन लागतो. तो आमच्यासाठी नागपुरात.

गुडघ्याचं नशीब बरं. 2017च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, पेपरांत मथळे झाले. बोटांच्या सांध्यांबद्दल कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. रुग्ण मात्र थोडे नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996पासून घरोघर पाहणी केली, तेव्हा साधारण दर दोनशे प्रौढांत एकाला आमवात आढळला. आमच्या तालुक्याला हेच प्रमाण लावलं तर रुग्ण शेकड्यांनी निघतील.

चकती येईल तेव्हा येवो. सांधा वाकडाच होऊ नये म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषध आहे, तेही स्वस्त. मात्र आमवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जीवावर बेतते. गरोदरपणात ती चालत नाही, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. म्हणून ती दुकानदाराच्या नव्हे, डॉक्टरांच्या हातातली गोष्ट. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस संधिवाताचा तज्ज्ञ बसवा आणि रक्ततपासणी तिथेच करा, एवढंच आरोग्य खात्याकडे मागणं आहे.

आणि बायांनो, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर पुडी मागू नका. डॉक्टरांना हात दाखवा, वेचणी संपायची वाट पाहू नका.