मोबाईलने दिला स्कोअर १३, म्हणून मुलाला टीमबाहेर बसवायचं?

माझा पुतण्या बारा वर्षांचा आहे. मोशीत राहतो आणि तिथल्याच एका खासगी अकॅडमीत फुटबॉल खेळतो. मागच्या महिन्यात अकॅडमीने मुलांचे मोबाईलवर व्हिडिओ काढले आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. पुतण्याला २१ पैकी १३, खाली लाल पट्टी: ‘हाय रिस्क’. टूर्नामेंटच्या टीममधून त्याचं नाव गेलं. भाऊ चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. सेकंड शिफ्ट करून घरी आल्यावर रात्री साडेबाराला त्याने पीडीएफ मला फॉरवर्ड केली. "तू कॉम्प्युटरवाला ना? हे खरं असतं का?"

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, राज्य सरकारने तेरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी ‘महादेवा’ प्रोजेक्ट आणला. आमच्या सोसायटीत क्रिकेटचे स्टंप सोडून पोरं बॉलमागे लागलीत. त्यामुळे भावाचा प्रश्न अजून बऱ्याच घरांत येणार.

आधी टेक्नॉलॉजी बघू. गुगलचं ब्लेझपोझ मॉडेल व्हिडिओतल्या माणसाच्या अंगावर ३३ बिंदू ओळखतं: खांदा, गुडघा, घोटा वगैरे. ते कुणीही डेव्हलपर फुकट वापरू शकतो. मी एका रविवारी स्वतःवर करून पाहिलं. उठाबशा त्याच, फक्त फोन दोन फूट बाजूला सरकवला, तर गुडघ्याचा कोन बदलला! एकाच कॅमेऱ्याला खोली नीट कळत नाही, म्हणून हे होतं.

पण मला जास्त खटकला तो आकडा. २१ गुणांची ही चाचणी म्हणजे ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’. सात हालचाली, प्रत्येकी जास्तीत जास्त ३ गुण. १४ किंवा त्याहून कमी म्हणजे धोका, हा नियम आला २००७ च्या एका अभ्यासातून. खेळाडू होते फक्त ४६, तेही प्रोफेशनल अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे बॉल हातात घेऊन पळतात तो खेळ. मोशीच्या बारा वर्षांच्या पोराला तीच पट्टी! पुढे २०१७ मध्ये बरेच अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा या स्कोअरवरून दुखापतीचं भाकीत करायला पुरेसा आधार मिळाला नाही.

गणित करून बघा. समजा १०० मुलांपैकी २० जणांना सीझनमध्ये दुखापत होणार आहे. अ‍ॅप त्यातली ७० टक्के पकडतं आणि उरलेल्या ८० पैकी ३० टक्क्यांना चुकून लाल करतं. म्हणजे लाल झाली ३८ मुलं, त्यात खरी १४. चोवीस जण उगाच बाहेर बसले, आणि हिरवी पट्टी मिळालेले सहा जण तरीही पडणार.

भावाला त्याच्या भाषेत सांगितलं: गो-नो गो गेज शाफ्टला चालतं, कारण शाफ्ट उद्या दोन इंच वाढत नाही.

चाचणी अगदीच फुकट नाही. हालचाल करताना दुखलं तर शून्य गुण असतो, आणि तसा मुलगा डॉक्टरकडे गेलाच पाहिजे. आधीची दुखापत तर नक्की विचारावी. पुतण्याला यातलं काहीच नव्हतं, फक्त खाली बसताना टाचा उचलल्या जात होत्या.

दुखापत कमी करायचा रस्ता वेगळाच आहे, आणि त्याला अ‍ॅप लागत नाही. फिफाचा ‘११ प्लस’ वॉर्म-अप: २० मिनिटं, धावणं, प्लँक, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या १२५ क्लबांवर प्रयोग झाला. २००८ मध्ये आलेल्या निकालात एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी होत्या. लहान मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे. युरोपातल्या चार देशांत ७ ते १३ वयोगटात दुखापती जवळजवळ निम्म्या झाल्या. अर्थात हे नियमित करावं लागतं आणि सगळ्या टीमने करायचं असतं, लाल पट्टीवाल्यांनीच नाही.

हे सगळं मी सरांना पाठवलं. त्यांचं म्हणणं, टर्फ तासावर भाड्याने असतं, वीस मिनिटं वॉर्म-अपला गेली तर पालकच विचारतात, मॅच कधी खेळवणार? तेही खोटं नाही. शेवटी ठरलं, वॉर्म-अप टर्फबाहेरच्या पार्किंगमध्ये, स्लॉटच्या आधी. पुतण्याचं नाव टीममध्ये परत आलेलं नाही, पुढच्या टूर्नामेंटला बघू म्हणालेत.