मान आधी की लायकी आधी?

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी नित्य असते. आणि तरुणाने मान व मोबदला मागू नये, तो कमवावा, असा तिचा अर्थ ती लावतात. श्रमावाचून कीर्ती नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु कीर्ती निराळी व कामाचा दाम निराळा. थोरवी निराळी व माणुसकीची वागणूक निराळी. पहिली कमवावयाची असते, दुसरी पहिल्या दिवसापासूनचे देणे असते. हा भेद विसरल्यामुळेच नव्या मुलास ‘आधी काम शीक, मग पगाराचे पाहू’ असे सांगून महिनोगणती राबविणे कित्येकांस गैर वाटत नाही.

कायदा याहून उदार आहे. शिकाऊ उमेदवारांविषयीच्या १९६१ च्या कायद्याने उमेदवारास शिकण्याच्या काळातही विद्यावेतन ठरवून दिले. १९८९ साली मताधिकाराचे वय २१ वरून १८ वर आले, तेही कोणाची परीक्षा घेऊन नव्हे. ज्याचे मत राज्य चालविण्यास चालते, त्याने घरच्या दुकानाविषयी तोंड उघडताच त्यास ‘पोरकट’ ठरविणे हा कोठला न्याय?

गोंदियाकरांस तर दाखला दूर शोधावयास नको. बिडीच्या व्यवसायातील मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापिली, ती ज्यांनी अद्याप काहीच करून दाखविले नव्हते अशा मुलांसाठी. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तेव्हा टिळक व आगरकर अवघे तेवीस वर्षांचे होते. केस पिकेपर्यंत थांबा, असे म्हणून पुणेकरांनी मुले पाठविलीच नसती, तर काय झाले असते?

नवख्याच्या हातून नुकसान होते, ते कोणी सोसावे, असे व्यापारी बंधू विचारतील. आमचे उत्तर असे की, शिकविण्याचा खर्च हा धंद्याचाच खर्च होय. आधी पीक दे, मग बांधीत पाणी सोडू, असे आमच्या जिल्ह्यातील कोणताही धान पिकविणारा शेतकरी म्हणत नाही.

म्हणून आमची सूचना इतकीच: मुलास कामावर घेताना वेतन व शिकण्याची मुदत पहिल्याच दिवशी ठरवावी, चूक झाल्यास चारचौघांत अपमान न करता दाखवून द्यावी, आणि घरच्या व पेठेच्या विचारविनिमयात त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. टाकीने मूर्ती घडते हे खरे; पण पोटास चिमटा व मनास डागणी यांना टाकी म्हणू नये.