गाडी मिसिंग मारतेय? आधी कॉइल हलवा!

सिग्नल सुटतो, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता आणि गाडी क्षणभर विचारात पडते. मागचा रिक्षावाला मात्र अजिबात विचार न करता हॉर्न मारतो.

मेकॅनिक लोक याला 'मिसिंग' म्हणतात. चारपैकी एका सिलिंडरमधलं पेट्रोल वेळेवर पेटत नाही, उरलेले तिघं ओढतात आणि गाडी झटके खाते. कारणं ढीगभर. प्लग, कॉइल, इंजेक्टर, फ्युएल पंप, तुंबलेला एअर फिल्टर. पाकीट हलकं होतं ते इथंच. माझ्या गाडीला पहिल्याच पावसात झटके सुरू झाले, तेव्हा एका चकाचक वर्कशॉपने चार प्लग, चार कॉइल आणि इंजेक्टर क्लीनिंग असं चौदा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. 'का?' विचारलं, तर उत्तर 'मॅडम, सगळंच बदलून टाकू ना!' ईएमआय भरणाऱ्या माणसाशी असं बोलतात का? 'कळवते' म्हणून मी निघाले. पुढे आठवडाभर ऊन पडलं आणि गाडी एकदम शहाणी.

निदान झालं ते मामाच्या गावी, साखरखेर्ड्याला. बुलढाणा जिल्ह्यातलं हे तेच गाव, जिथे १७२४ साली निजामाने मुबारिझखानाला हरवलं. (पाहुण्याला चहाच्या आधी ही लढाई ऐकावी लागते.) गावाजवळ पाऊस लागला आणि गाडीला पुन्हा झटके. मामाच्या ओळखीच्या मिस्त्रींनी पाना उचललाच नाही, आधी प्रश्न विचारले. ''ताई, थंड्या गाडीत होते का गरम झाल्यावर? उभ्या गाडीत का चढावर? पाण्यापावसातच का रोजच?''

पावसात आणि चढावर, मी म्हटलं. त्यांनी मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. (शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०३०० आला तर एकच सिलिंडर ठरत नाही. मग पेट्रोलचं प्रेशर किंवा कुठून हवा ओढली जातेय का, ते बघावं लागतं.)

मग त्यांनी इंजिन बंद करून दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि मला त्याच चढावर पिटाळलं. परत आले तर कोड पी ०३०३! कॉइलबरोबर दुखणंही सरकलं होतं. कॉइलच्या रबरी टोपीला बारीक चीर होती आणि प्लगच्या खोबणीत पाणी. चढावर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. मग ती प्लगची वाट सोडून ओल्या चिरेतून बाजूच्या धातूवर उडी मारते. ऊन पडलं की दुखणं गायब. खोबणी हवेने सुकवली, एक कॉइल चिखलीहून मागवली. एक, चार नाही.

तुमच्या गाडीत कॉइल बदलूनही कोड जागचा हलला नाही, तर तीच युक्ती प्लगला करायला सांगा. मग इंजेक्टर, आणि तरीही नाही तर कॉम्प्रेशन टेस्ट. तोवर पंपाचं, क्लीनिंगचं नावही काढू देऊ नका.

एका बाबतीत मात्र प्रयोग नकोत. 'चेक इंजिन'चा दिवा नुसता न लागता लुकलुकायला लागला, तर पाय सैल करा, गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाजून निघतो. त्याची किंमत ऐकलीत तर ते चौदा हजार स्वस्त वाटतील.