रेषा खोडू नका

य = मक्ष + क हे सरळ रेषेचे समीकरण बहुतेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. पण ‘म आणि क सांगतात काय?’ असे विचारले, की वर्ग गप्प!

प्रयोगशाळेत दरवर्षी हाच अनुभव येतो. साध्या लंबकाची लांबी आडव्या अक्षावर व आंदोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर घेतला, की आलेख सरळ रेषा येतो. एखाद्याची रेषा आरंभबिंदूतून जात नाही. मग रबर निघतो आणि रेषा ओढूनताणून तेथून नेली जाते.

मित्रांनो, ती रेषा खरे बोलत होती! तुम्ही नुसता दोरा मोजलात. गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली. त्रिज्या १ सेंटिमीटर असेल, तर क शून्याऐवजी सुमारे ०.०४ वर्गसेकंद येतो. रेषा मागे वाढवा, ती आडव्या अक्षाला बरोबर उणे १ सेंटिमीटरवर छेदील. म मात्र बदलत नाही. तो दर मीटरला सुमारे ४ वर्गसेकंद एवढाच राहतो आणि त्यावरून गुरुत्वत्वरण अचूक निघते. म्हणजे चूक मापनात झाली, ती क ने दाखवली आणि म ने उत्तर सांभाळले.

म्हणून शिक्षकांना विनंती, की हे समीकरण फळ्यावर लिहिण्यापूर्वी वर्गात एक लंबक टांगावा. रेषा खोडून गुण मिळतीलही, पण झालेली चूक कधीच सापडणार नाही.