पहाटे उतरणाऱ्यांचं पुणे

ऑगस्ट लागला की कर्वेनगरातले रस्ते पाहुण्यांनी भरतात. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू असतात. कमिन्स कॉलेजच्या आसपासच्या गल्ल्यांत मुलगी, तिचे आईवडील, दोन मोठ्या बॅगा, गादीची वळकटी आणि बादली असा संसार घेऊन माणसं वसतिगृहाचा पत्ता विचारत फिरतात. कुणी परभणीचं, कुणी चंद्रपूरचं, कुणी दूरच्या राज्यातून विमानानं आलेलं. मी रस्ता सांगते आणि मग हटकून विचारते, आलात कसे? उत्तरं ऐकून वाईट वाटतं. ट्रॅव्हल्सनं पहाटे साडेचारला संगमवाडीला उतरवलं, अंधारात कुठे उभं राहायचं ते कळेना, रिक्षावाल्यानं मागितले तेवढे दिले. विमान रात्री दीडला उतरलं, ॲपवर टॅक्सीचा दर दिवसाच्या दुप्पट दिसत होता, तरी घेतली. पोरीला घेऊन तिथे थांबणार कसं?

दिवसा येणाऱ्याला पुणं आता बरंच सोपं झालंय, हे आनंदानं सांगायला हवं. लोहगाव विमानतळावर उतरलं की रामवाडी मेट्रो स्थानकापर्यंत पीएमपी या शहर बससेवेची पूरक बस मिळते. रामवाडीहून वनाजकडे जाणारी मेट्रो येरवडा, पुणे स्टेशन, सिव्हिल कोर्ट, डेक्कन करत कर्वे रस्त्यावर येते. आपण नळस्टॉपला उतरायचं. टोकापासून टोकापर्यंतचं तिकीटसुद्धा ३० रुपये. स्थानकात लिफ्ट आहे, बॅग डोक्यावर घ्यावी लागत नाही. नळस्टॉपहून कर्वेनगर तीन-चार किलोमीटर. रिक्षा मीटरनं आली तर साठ-सत्तर रुपयांत दारात. स्वारगेटला एसटीनं येणाऱ्यालाही सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो मिळाली; सिव्हिल कोर्टला गाडी बदलली की तोही नळस्टॉपला पोहोचतो. मार्च २०२२ मध्ये गरवारे कॉलेजपर्यंत पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा ही एवढीशी मेट्रो कुणाच्या कामाची, असं विचारणारे पुष्कळ होते. आज तीच मेट्रो स्टेशनला आणि स्वारगेटला जोडलेली आहे.

पण मेट्रो पहाटे सहाला सुरू होते आणि रात्री अकराला थांबते. म्हणजे ती आपल्या, पुण्यात राहणाऱ्यांच्या, कामाच्या वेळा पाळते. बाहेरगावचा माणूस मात्र नेमका आपण झोपलेले असताना येतो आणि त्याला तसं कारण असतं. रात्रभर प्रवास केला की लॉजचं भाडं वाचतं आणि एक दिवसाची मजुरी किंवा रजा वाचते. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या गाड्या म्हणूनच संध्याकाळी सुटतात आणि पहाटे पुण्यात शिरतात. विमानाचंही तेच. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ती दोन आठवडे पूर्ण बंद ठेवून तिच्या पृष्ठभागाच्या नूतनीकरणाचं काम केलं, त्यानंतर रात्रीची उड्डाणं पुन्हा सुरू झाली. जुलै २०२४ पासून नवं टर्मिनलही वापरात आलं. मध्यरात्री उतरणाऱ्यासाठी टर्मिनल लख्ख उजेडात उघडं असतं आणि त्याला घरी नेणारी मेट्रो बंद असते.

इथे थोडा हिशेब करू. पुण्यात रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे प्रत्येक किलोमीटरला १७. विमानतळ ते कर्वेनगर सतरा-अठरा किलोमीटर धरलं तर मीटरचे तीनशेच्या आसपास होतात. मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळेतला पंचवीस टक्के जादा दर धरला तरी चारशेच्या आत. संगमवाडीहून तर रात्रीच्या दरानंही दोनशेच्या आसपासच व्हायला हवेत. प्रत्यक्षात किती घेतात ते ज्यानं दिलेत त्याला विचारा. रात्री जागणाऱ्या चालकाच्या कष्टांचा मला आदर आहे. पण नव्या माणसाला खरा दर ठाऊक नसतो आणि दुसरं वाहन नसतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की सौदा एकतर्फी होणारच. दुसरं वाहन देणं हे शहराचं काम आहे.

बंगळुरूनं ते केलं. २००८ मध्ये देवनहळ्ळीला शहरापासून पस्तीसेक किलोमीटरवर विमानतळ गेला, तेव्हा तिथल्या शहर बससेवेनं, बीएमटीसीनं, 'वायु वज्र' नावाच्या बस सोडल्या. बनशंकरी, इलेक्ट्रॉनिक सिटी, मॅजेस्टिक अशा भागांत थेट जाणाऱ्या, आत सामान ठेवायला मांडण्या असलेल्या आणि रात्रीही धावणाऱ्या. विमानतळाला मेट्रो नव्हती, म्हणून ते थांबले नाहीत. आपल्या पीएमपीनंही विमानतळासाठी 'अभि' नावानं वातानुकूलित ई-बस आणल्या होत्या. चांगला उपक्रम होता. पण अशा सेवेचा हिशेब पहिल्या काही महिन्यांच्या तिकीटविक्रीवर मांडला की ती टिकत नाही. पाहुणा एखाद्या वेळी येतो. बस आहे हे त्याला आधी कळावं लागतं आणि त्यासाठी ती वर्षानुवर्षं त्याच वेळी त्याच जागी यावी लागते. पुण्यात रातराणी बसही आहेत, पण मोजक्याच मार्गांवर.

कोथरूड-कर्वेनगरच्या घरांनी आपल्यापुरती सोय कधीच करून घेतली आहे. घरटी कुणीतरी अमेरिकेत; आणि आपला परदेशाचा विमानतळ कितीतरी वर्षं मुंबईचाच. त्यातूनच के. के. ट्रॅव्हल्ससारख्या सामायिक टॅक्सी उभ्या राहिल्या. अपरात्री मुंबईत उतरलेल्या मुलाला त्या पुण्यात दारापर्यंत आणून सोडतात. आता मुंबई विमानतळावरून भुयारी मेट्रोनं दादर गाठून एसटीच्या ई-शिवनेरी बसमध्ये बसता येतं आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. न्यू जर्सीहून येणाऱ्या नातवाची काळजी घेणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. परभणीहून येणाऱ्या मुलीसाठी ती नसावी, याची मला मनापासून खंत वाटते.

आणि ही खंत इथे, कर्वेनगरात, अधिक जाणवते. १९०० मध्ये शहरात प्लेग होता, तेव्हा धोंडो केशव कर्वे यांनी विधवांचा आश्रम या जागी, हिंगण्याला, हलवला. रावबहादूर गोखल्यांनी जागा दिली, तिच्यावर झोपडी उभी राहिली. कर्वे फर्ग्युसन कॉलेजमध्ये शिकवत आणि काम संपलं की सामानसुमान घेऊन हिंगण्याला पायी येत. रस्ता असा नव्हताच. शेतं आणि पावसाळ्यात चिखल. त्या आश्रमातून वाढलेल्या संस्थेनं १९९१ मध्ये मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं, तेच हे कमिन्स. गावोगावच्या मुली त्या पायपिटीमुळेच आज इथे येतात.

नळस्टॉप-वारजे-माणिकबाग मेट्रोला केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. ती झाली की पश्चिमेकडचं चित्र पालटेल, पण त्याला वर्षं लागतील. तोवर एक बस हवी. विमानतळ, संगमवाडी, वाकडेवाडीचा एसटी तळ, पुणे स्टेशन, डेक्कन, कर्वे रस्ता, कर्वेनगर, वारजे अशी. रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत, ठरलेल्या वेळांना, सामानाला जागा ठेवून. सुरुवात जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांपुरती केली तरी चालेल, फक्त वेळ चुकता कामा नये. आणि वसतिगृहं चालवणाऱ्यांनी प्रवेशाच्या पत्रात एक परिच्छेद वाढवावा: कुठे उतरलात तर पुढे कसं यायचं, पहिली मेट्रो किती वाजता, मीटरनं साधारण किती रुपये होतात आणि अपरात्री पोहोचलात तर दार कोण उघडेल.