उजेड वाढला, रंगांचे काय?

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 2001 साली विक्रीस आणलेले ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र जितके लोकप्रिय झाले, तितकाच त्याचा पडदा बदनाम झाला. कारण त्यास स्वतःचा प्रकाश नव्हता, आणि उन्हाचा किंवा दिव्याचा आश्रय घेतल्यावाचून त्यावरील चित्र धड दिसत नसे. आज त्या जागी बसविण्याजोगे, पाठीमागून उजळणारे आयपीएस पडदे सुटे मिळतात, आणि हौशी मंडळी ते बसवून जुन्या यंत्राचा जीर्णोद्धार केल्याचे समाधान मानतात. त्या समाधानाविषयी माझी तक्रार नाही. परंतु उजेड वाढला म्हणजे चित्र सुधारलेच, हा जो समज या व्यवहारात रूढ झाला आहे, तो मला मान्य नाही.

मूळ पडद्याचा अंधुकपणा हा हलगर्जीपणा नव्हता. सेगा कंपनीच्या ‘गेम गिअर’ने 1990 साली प्रकाशमान रंगीत पडदा दिला खरा, पण सहा सेल तीन ते पाच तासांत फस्त करणारे ते यंत्र, चार सेलांवर कितीतरी अधिक काळ चालणाऱ्या आणि चारच हिरवट छटा दाखविणाऱ्या ‘गेम बॉय’पुढे निष्प्रभ ठरले. तोच हिशेब पुढे चालवून ‘ॲडव्हान्स’ला दोन सेलांवर सुमारे पंधरा तासांचे आयुष्य लाभले. नवा पडदा पूर्ण तेजावर ठेवला की त्यातून बरीच कपात होते; जाहिरातीत मात्र तिचा उल्लेख क्वचितच आढळतो.

रंगांची कैफियत याहून गुंतागुंतीची आहे. कोनामीचा ‘कॅसलव्हेनिया : सर्कल ऑफ द मून’ हा यंत्राबरोबरच आलेला खेळ त्या पडद्यावर इतका काळवंडलेला दिसे, की पुढील वर्षीच्या ‘हार्मनी ऑफ डिसोनन्स’मध्ये रचनाकारांनी रंग मुद्दाम भडक योजले. पडदा रंग गिळतो हे गृहीत धरून अशा रीतीने चढविलेली छटा आजच्या स्वच्छ पडद्यावर जशीच्या तशी उमटली, तर ती डोळ्यांस खुपणारच. (ज्यांना तो भडकपणाच आवडतो, त्यांनी खुशाल आवडून घ्यावा, पण त्यास ‘अचूक’ म्हणू नये.) माझ्या मते येथे अचूकतेचा निकष आधुनिक मोजणीयंत्राचा नसून, चित्रकाराने ज्या पडद्यासाठी रंग मिसळले त्या पडद्याचा असला पाहिजे, आणि काही संचांत रंग सौम्य करण्याची जी सोय असते, ती शोभेची न मानता प्रथम वापरावी.

विक्रेत्यांनी तेजाच्या प्रत्येक पायरीवर पडदा किती मिलिॲम्पिअर वीज ओढतो आणि रंगदुरुस्तीची सोय त्यात आहे की नाही, एवढा तपशील वेष्टनावर छापावा. आणि तो छापलेला नसेल, तर ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी तो मागून घ्यावा.